फ्रान्स थैलीसाठी भांडतो, वाटपाबद्दल गप्प बसतो

पॅरिसच्या राजकारणात सध्या कुणाचं कुणाशी पटत नाही. २०२४ च्या मुदतपूर्व निवडणुकीपासून संसदेत कोणाकडेच बहुमत नाही, पंतप्रधान येतात आणि जातात, वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करून घेताना सरकारच्या नाकी नऊ येतात. तरीही एका विषयावर डाव्यांपासून अतिउजव्या मारीन ल पेन यांच्या पक्षापर्यंत सगळ्यांचा सूर एकच लागतो: युरोपकडून शेतीला येणारा पैसा कमी होऊ द्यायचा नाही. एवढं एकमत पाहिलं की मला तरी शंका येते. बोस भागातल्या गहू पिकवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याचं हित आणि लिमुझांच्या माळावर गुरं पाळणाऱ्याचं हित एक नाही. ते एक नसताना दोघांच्या नावानं सगळे पक्ष एकाच सुरात बोलू लागतात, तेव्हा कुठला तरी प्रश्न शिताफीनं बाजूला सारलेला असतो. इथे तो प्रश्न असा की, हा पैसा शेवटी कुणाच्या घरी जातो?

आधी भांडणाचं कारण पाहू. १६ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं २०२८ ते २०३४ या सात वर्षांच्या अंदाजपत्रकाचा मसुदा मांडला. एकूण आकडा जवळपास २,००० अब्ज युरोंचा. त्यात संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी १३१ अब्ज, आणि कोविडच्या काळात सगळ्यांनी मिळून काढलेल्या कर्जाच्या परतफेडीसाठी वर्षाला सुमारे २४ अब्ज. नवे खर्च दारात उभे, सदस्य देश वर्गणी वाढवायला नाखूश; कात्री कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०२१ ते २०२७ या काळात शेतीसाठी सुमारे ३८७ अब्ज युरो होते. नव्या मसुद्यात शेतकऱ्यांसाठी राखीव म्हणून लिहिलेली रक्कम ३०० अब्ज. सरळ वजाबाकी केली तर बावीस टक्क्यांची घट, महागाई धरली तर त्याहून जास्त. आयोग म्हणतो की ही तुलना बरोबर नाही, कारण ग्रामीण विकासाचा पैसा आता या राखीव रकमेच्या बाहेरून, मोठ्या एकत्रित निधीतून मिळू शकतो. मिळेलच, अशी हमी मात्र त्या मसुद्यात नव्हती.

आणि तो एकत्रित निधी हेच भांडणाचं मूळ आहे. युरोपचं समाईक कृषी धोरण १९६२ पासून स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालत आलं. गेली पंचवीस वर्षं त्याचे दोन भाग आहेत: एक, शेतकऱ्याला थेट मिळणारं अनुदान, दुसरा, ग्रामीण विकास, तरुण शेतकरी, डोंगराळ भागातली शेती, पर्यावरण वगैरे. आता आयोगाला हे खातं मोडून मागास प्रदेशांचा विकास, मासेमारी, सीमांची सुरक्षा या सगळ्यांबरोबर ८६५ अब्ज युरोंच्या एका निधीत मिसळायचं आहे. प्रत्येक देशानं आपला एकच आराखडा करायचा आणि त्यातून शेती, रस्ते, रोजगार, सगळं भागवायचं.

फ्रान्सच्या सरकारची भूमिका तीन मागण्यांत मावते. शेतीचं खातं वेगळं राहिलं पाहिजे, रकमेत कपात नको, आणि बाहेरून येणाऱ्या मालाला युरोपातल्या शेतकऱ्याइतकेच कडक नियम लागले पाहिजेत. ही भूमिका बोलघेवडी नाही, तिच्या मागे हत्यार आहे. सात वर्षांच्या अंदाजपत्रकाला सगळ्या २७ देशांची संमती लागते. एकानं नकार दिला तरी गाडं अडतं. शिवाय युरोपीय करारातली तरतूद अशी की नवं अंदाजपत्रक वेळेत झालं नाही तर जुन्याच्या शेवटच्या वर्षाच्या मर्यादा पुढे चालू राहतात. म्हणजे अडून बसलेल्या देशाचं ताबडतोब काही बिघडत नाही. फ्रान्स तर शेती अनुदानाचा सगळ्यात मोठा धनी, वर्षाला सुमारे ९ अब्ज युरो घेणारा. तो अडून बसला तर त्याला हलवणं कठीण.

अडून बसण्याची फ्रान्सला जुनी सवयही आहे. युरोपचा समाईक बाजार उभारणारा १९५७ चा रोमचा करार झाला तेव्हा त्याच्या मुळाशी एक व्यवहार होता: जर्मनीच्या कारखान्यांना फ्रान्सची बाजारपेठ, फ्रान्सच्या शेतीला जर्मनीची. जुलै १९५८ मध्ये इटलीतल्या स्त्रेसा गावी सहा देशांचे प्रतिनिधी शेतीवर चर्चेला बसले, आणि डच नेते सिको मान्सहोल्ट यांच्या पुढाकारानं १९६२ पासून धोरण सुरू झालं. युद्धातली उपासमार लोकांच्या आठवणीत ताजी होती, त्यामुळे भाव बांधून देऊन उत्पादन वाढवणं सगळ्यांना पटलं. पैसा कुठून आणायचा यावर ३० जून १९६५ च्या रात्री बोलणी फिसकटली. आयोगाचे अध्यक्ष व्हाल्टर हालस्टाइन यांनी शेतीच्या पैशाची सांगड युरोपीय संसदेच्या अधिकारांशी घातली होती. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना पैसा हवा होता, पण ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय यंत्रणेच्या, हाती सत्ता नको होती. त्यांनी आपले मंत्री मागे बोलावले आणि सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली.

या प्रकरणाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. युरोपचा बाजार हातचा जाईल या धास्तीनं एफएनएसईए या सगळ्यात मोठ्या शेतकरी संघटनेनं द गॉल यांना मत न देण्याचं आवाहन केलं. युद्धकाळातला महानायक पहिल्या फेरीत निवडून येऊ शकला नाही. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तडजोड झाली आणि फ्रान्स परत येऊन बसला. तेव्हापासून फ्रान्सचा प्रत्येक राज्यकर्ता हा धडा पाठ करून बसलेला आहे. ज्याक शिराक सत्तरच्या दशकात कृषिमंत्री होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांनी जर्मनीचे चान्सलर श्रोडर यांना गाठून २०१३ पर्यंत शेतीचा खर्च टिकवून घेतला, आणि ब्रिटनचे टोनी ब्लेअर हात चोळत राहिले. २४ फेब्रुवारी २०२४ ला पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांना शिट्ट्या आणि घोषणा ऐकाव्या लागल्या, तेव्हा त्यांनाही हा धडा नव्यानं मिळाला.

धडा खरा आहे, पण अर्धाच. मोठी संघटना म्हणजे शेतकरी, असं समीकरण त्यात बसून गेलं. साठच्या दशकात कृषिमंत्री एद्गार पिझानी यांनी संघटनेला सोबत घेऊन शेतीची पुनर्रचना केली: म्हाताऱ्या शेतकऱ्यांना जमीन सोडण्यासाठी निवृत्तिवेतन, मोकळी होणारी जमीन योग्य माणसाकडे जावी म्हणून आधी खरेदीचा हक्क असलेल्या संस्था, एकत्र शेती करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा. हे काम त्या काळी गरजेचं होतं आणि चांगलं झालं. पण सरकार आणि एक संघटना मिळून शेती चालवतात, ही घडी तेव्हा बसली ती आजतागायत. त्या संघटनेचे सध्याचे अध्यक्ष आर्नो रुसो हे पॅरिसजवळच्या सेन-ए-मार्नमधले शेकडो हेक्टरांचे धान्य उत्पादक आणि तेलबियांच्या एका बलाढ्य उद्योगसमूहाचेही अध्यक्ष. त्यांनी आपली बाजू मांडू नये असं मी म्हणत नाही. डोंगरातल्या पन्नास गाईंच्या मालकाची बाजूही तीच, असं सरकारनं धरून चालू नये, एवढंच.

आता वाटपाकडे येऊ. सुरुवातीची तीस वर्षं युरोप भाव बांधून देत होता, आपल्याकडच्या हमीभावासारखा, पण खरोखर खरेदी करणारा. त्यातून लोण्याचे डोंगर साचले, साखर आणि गहू अनुदान देऊन जगाच्या बाजारात ओतले गेले आणि गरीब देशांतल्या शेतकऱ्यांचे भाव पडले. १९९२ मध्ये आयरिश आयुक्त रे मॅकशॅरी यांनी बांधलेले भाव कमी केले आणि भरपाई म्हणून हेक्टरी रक्कम सुरू केली. २००३ मध्ये फ्रान्झ फिशलर यांनी ती रक्कम पिकापासून सोडवली. काय पिकवता याच्याशी तिचा संबंध बराचसा तुटला. फ्रान्सनं त्या वेळी जुन्या हिशेबाची पद्धत निवडली, म्हणजे पूर्वी ज्यानं जास्त उचललं त्याला पुढेही जास्त. हा फरक कमी करायला खऱ्या अर्थानं २०१५ उजाडलं.

भाव कमी केल्याची भरपाई पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होऊन बसली, आणि तो हक्क जमिनीला चिकटला. जितके हेक्टर तितका पैसा. संपूर्ण युरोपात थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो, ही गोष्ट आयोग स्वतः वर्षानुवर्षं सांगत आला आहे. फ्रान्समध्ये १९७० साली सोळा लाखांच्या आसपास शेतं होती. २०१० मध्ये ४ लाख ९० हजार राहिली, २०२० च्या गणनेत ३ लाख ९० हजार. दहा वर्षांत एक लाख शेतं गेली आणि उरलेल्यांचं सरासरी क्षेत्र ५५ वरून ६९ हेक्टरांवर गेलं. या दहा वर्षांत अनुदान आटलं नव्हतं, ते दरवर्षी येतच होतं. तेव्हा पैसा कमी झाला तर लहान शेतकरी मरेल, असं पॅरिस सांगतं त्यावर साधा प्रश्न येतो: पैसा पुरेसा होता तेव्हा तो का गेला?

मराठी वाचकाला यातला पेच समजायला फार लांब जायला नको. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतू बंधू योजना सुरू केली: एकरी चार हजार रुपये, प्रत्येक हंगामाला, जमिनीवर वरची मर्यादा नाही. आदिलाबादच्या सीमेपलीकडून यवतमाळ-चंद्रपूरच्या शेतकऱ्यांनी तिच्याकडे हेव्यानं पाहिलं. पण जास्त एकर त्याला जास्त पैसे, आणि बटईनं कसणाऱ्याला काहीच नाही, ही तिची दुखरी बाजू लगेच दिसली. उलट पीएम-किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार कुटुंबामागे सरसकट मिळतात. रक्कम तुटपुंजी, पण पन्नास एकरवाल्याला दीड एकरवाल्यापेक्षा जास्त नाही. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे, तिथे ६९ हेक्टरांशी तुलना करणं हास्यास्पद ठरेल, हे मला मान्य आहे. पण पैसा जमिनीच्या मागे जावा की माणसाच्या, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. एका बाबतीत फ्रान्स आपल्या पुढे आहे हेही सांगायला हवं. तिथली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडानं कसली जाते, १९४६ च्या कायद्यानं कसणाऱ्याला मजबूत संरक्षण दिलं आहे आणि अनुदान मालकाला नव्हे, कसणाऱ्याला मिळतं.

या सगळ्यानंतरही निधी एकत्र करण्याला फ्रान्सचा विरोध मला योग्य वाटतो. बाजार एक आणि आधार सत्तावीस प्रकारचा, असं झालं की ज्या देशाच्या तिजोरीत खडखडाट आहे त्याचा शेतकरी हरणार. आजही प्रत्येक देश आपला आराखडा करतो, २०२३ पासून ही मुभा वाढलीच आहे. पण निदान शेतीचा पैसा शेतीतच फिरतो. नव्या रचनेत शेतकऱ्याला आपल्याच जिल्ह्यातल्या रेल्वेशी आणि रोजगार केंद्राशी भांडावं लागेल. आणि फ्रान्सला ही भीती ब्रुसेल्सची नाही, स्वतःच्या अर्थखात्याची आहे, असं माझं वाचन आहे. २०२४ मध्ये फ्रान्सची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.८ टक्के होती आणि सरकारी कर्ज ११० टक्क्यांच्या वर गेलेलं. युरोपनं कमी दिलं तर आम्ही भर घालू, असं म्हणण्याची ऐपत पॅरिसकडे नाही. त्यामुळे ब्रुसेल्सच्या कुलुपातला पैसा फ्रेंच कृषिमंत्र्याला आपल्याच सहकाऱ्यांपासून वाचवून ठेवायचा असतो. हे उघड बोलता येत नाही, म्हणून अन्नाच्या सार्वभौमत्वाची भाषा येते.

या मागणीत थोडं यशही आलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी एकत्रित निधीतला किमान दहा टक्के भाग ग्रामीण भागासाठी ठेवण्याची तयारी दाखवली. १८ डिसेंबरला ब्रुसेल्समध्ये हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उतरले. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला आणखी ४५ अब्ज युरोंपर्यंतची रक्कम शेतीसाठी आधीच वापरण्याची मुभा पुढे आली. ती मुभा दक्षिण अमेरिकेतल्या मेर्कोसुर देशांशी व्यापार करार करण्यासाठी इटलीचं मन वळवायला होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इटली वळली. ९ जानेवारीच्या मतदानात फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि हंगेरी विरोधात राहिले आणि हरले. नंतर युरोपीय संसदेनं करार न्यायालयाकडे तपासायला पाठवला, पण मंत्रिपरिषदेत फ्रान्स आता एकट्याच्या बळावर काही अडवू शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. नकाराधिकार अंदाजपत्रकापुरता आहे. शेती अनुदानाचे तपशीलवार नियम बहुमतानं ठरतात. पैसा किती हे फ्रान्स अडवून ठेवेल, तो कसा वाटायचा हे ठरवताना मात्र मित्र लागतील. आणि वाटपाबद्दल ज्याच्याकडे काही म्हणणंच नाही त्याच्यामागे कोण येणार?

गंमत अशी की आयोगाच्या मसुद्यातला सगळ्यात चांगला भाग वाटपाचाच आहे. हेक्टरी मदत वर्षाला २० हजार युरोंच्या पुढे गेली की टप्प्याटप्प्यानं कापायची: २० ते ५० हजारांमधल्या रकमेतून २५ टक्के, ५० ते ७५ हजारांमधल्या रकमेतून ५०, त्यावर ७५ टक्के, आणि कुणालाही एक लाखाच्या वर नाही. हिशेबाच्या सोयीसाठी हेक्टरी २०० युरो धरू. फ्रान्सच्या सरासरी ६९ हेक्टरांच्या शेताला १३,८०० युरो मिळतील, त्याला कात्री लागतच नाही. शंभर हेक्टरांपर्यंत एक सेंटही जात नाही. सातशे हेक्टरवाल्याचे मात्र १ लाख ४० हजारांचे ७१ हजारांवर येतील. म्हणजे त्यालाही सरासरी शेतकऱ्याच्या पाचपट पैसा मिळत राहील, दहापट मिळणार नाही इतकंच. हा अन्याय म्हणायचा तर न्याय कशाला म्हणायचं?

एफएनएसईएचा या कपातीला विरोध आहे. सरकारचं काय? २०२३ पासूनच्या आपल्या राष्ट्रीय आराखड्यात मोठ्या अनुदानावर मर्यादा घालण्याची मुभा फ्रान्सला होती. त्यानं ती वापरली नाही. पहिल्या ५२ हेक्टरांना थोडं जास्त देण्याची तरतूद केली, पण थेट अनुदानाच्या दहा टक्क्यांपुरती. कॉन्फेदेरासियाँ पेझान ही डावीकडची संघटना कित्येक वर्षं सांगते आहे की मोजायचं तर शेतात राबणारे हात मोजा, हेक्टर नको. भाजीपाला पिकवणाऱ्या चार हेक्टरांच्या शेतात चार माणसं राबतात आणि अनुदान जवळपास शून्य. गव्हाच्या तीनशे हेक्टरांवर एक माणूस आणि एक यंत्र, अनुदान भरघोस. पॅरिसच्या वाटाघाटींच्या कागदांत या माणशी हिशेबाला जागा मिळाल्याचं दिसत नाही.

मर्यादेवरचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपण जगलो आहोत. एक लाखाची मर्यादा आली की मोठी शेतं कागदोपत्री वाटण्या करतील: बायकोच्या नावानं एक, मुलाच्या नावानं दुसरं, कंपनीच्या नावानं तिसरं. १९६१ च्या आपल्या कमाल जमीन धारणा कायद्याचं काय झालं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठ्याला विचारा. सात-बाऱ्यावर नावं वाढली, बांध जागचा हलला नाही. फ्रान्समध्ये तर एकत्र शेती करणाऱ्या भागीदारांना अनुदानासाठी वेगवेगळं मोजण्याची सवलत कायद्यानंच आहे, आणि खरोखर राबणाऱ्या भावाभावांसाठी ती रास्तही आहे. पण यावरून निघतं ते एवढंच की मर्यादा राबणाऱ्या माणसांशी जोडली पाहिजे. पळवाट आहे म्हणून दारच नको, असं नाही.

दुसरा आक्षेप असा की मोठा म्हणजे श्रीमंत नव्हे. हे अगदी खरं आहे. २०२४ मध्ये पावसानं फ्रान्सच्या गव्हाची दैना केली, सुमारे २.६ कोटी टन, चाळीस वर्षांतलं नीचांकी पीक. वर खतं महाग आणि भाव पडलेले. दीडशे हेक्टरवाल्या कुटुंबांचं त्या वर्षी कंबरडं मोडलं. पण पीक बुडाल्यावर मदत करणं ही विम्याची आणि संकट निधीची गोष्ट झाली. पीक बुडो की भरभरून येवो, हेक्टर मोजून दरवर्षी तेवढीच रक्कम देणं हे त्याचं उत्तर नाही. डोंगराळ भागातल्या मांसाच्या गुरांच्या शेतांचं गणित तर इतकं विचित्र आहे की कित्येकदा अनुदान शेतकऱ्याच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त असतं. अनुदान काढलं तर उरते उणे रक्कम. त्यांच्यासाठी फ्रान्सनं जीव तोडून भांडावं. पण ते भांडण बोसच्या गव्हाच्या आडून करता येत नाही.

शेतकऱ्यांमधली ही फूट आता लपवूनही लपत नाही. जानेवारी २०२५ च्या कृषी मंडळांच्या निवडणुकांत एफएनएसईए आणि तिच्या युवा शाखेची मतं निम्म्याच्या खाली गेली. कोऑर्दिनासियाँ रुराल या आक्रमक संघटनेनं बरीच मंडळं जिंकली. त्याच वर्षी लम्पी फ्रान्समध्ये पोचला. आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस टोचत गावोगाव पथकं फिरली; फ्रान्सचा नियम मात्र असा की एक जनावर बाधित निघालं तर गोठाच संपवायचा. डिसेंबरमध्ये आरिएज भागात दोनशेहून जास्त गाईंचा कळप मारण्यासाठी पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. सरकारच्या बाजूनं एफएनएसईए उभी राहिली. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या उजव्या आणि डाव्या संघटना विरोधात एकत्र आल्या. हे अनुदानाचं भांडण नव्हतं, पण आपल्या नावानं पॅरिसमध्ये जो बोलतो तो आपला नाही, ही भावना दोन्हीकडे तीच.

तिसरी मागणी, आयात मालालाही तेच नियम, ही नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांनी काळजीपूर्वक वाचावी. जानेवारी २०२६ मध्ये फ्रान्सनं मँकोझेब, ग्लुफोसिनेट, थायोफनेट-मिथाइल आणि कार्बेन्डाझिम या फवारणीच्या औषधांचे अंश असलेल्या काही फळांची आयात रोखायचं ठरवलं, आणि त्या फळांत द्राक्षं आहेत. रोख दक्षिण अमेरिकेवर होता. पण द्राक्षांच्या डावणी रोगावर मँकोझेब कधीच मारलं नाही असा बागायतदार आपल्याकडे शोधावा लागेल. २०१० मध्ये लिहोसिन या वाढनियंत्रकाच्या अंशांपायी युरोपनं आपली द्राक्षं अडवली, त्यात बागायतदार कसे होरपळले ते नाशिक विसरलेलं नाही. त्यानंतर आपण फवारणीचं वेळापत्रक आणि अंश तपासणी सुधारली, ती आपल्याच भल्याची झाली. तत्त्व म्हणून मला फ्रान्सची मागणी मान्य आहे: जे औषध तिथल्या शेतकऱ्याला वापरता येत नाही त्याचे अंश असलेलं फळ त्याच्याच बाजारात विकलं जाऊ नये. मग जे औषध घरी बंद ते बाहेर विकणंही बंद हवं. फ्रान्सनं २०२२ पासून तसा कायदा लागू केला आहे, पण त्यात पळवाटा आहेत आणि माल अजून बाहेर जातो. शेतकऱ्याच्या नावानं आयात रोखायची आणि कारखान्याच्या नावानं निर्यात चालू ठेवायची, ही दुटप्पी भूमिका वाटाघाटींत कुणीतरी बोलून दाखवलीच पाहिजे. भारतानं तरी दाखवावी. २७ जानेवारी २०२६ ला भारत-युरोप व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाली, त्यात आपण दूधदुभतं बाहेर ठेवलं, त्यांनी साखर आणि गोमांस बाहेर ठेवलं. दोघांनीही आपापल्या शेतकऱ्याला जपलं, त्यामुळे कुणी कुणाला उपदेश करायच्या फंदात न पडलेलं बरं.

युक्रेनचा विषय एका वाक्यात संपतो, आणि फ्रान्सच्या भूमिकेतला सगळ्यात कच्चा दुवाही तोच आहे: चार कोटी हेक्टरांहून जास्त शेतजमीन असलेला तो देश संघात आला आणि पैसा हेक्टरीच वाटत राहिला, तर पावणेतीन कोटी हेक्टरांच्या फ्रान्सचा वाटा कितीही मोठी थैली आणली तरी घटणार. मॅक्राँ युक्रेनला संघात घ्या म्हणतात आणि त्यांचंच सरकार हेक्टरी हिशेबाला हात लावत नाही.

जुलै २०२६ पासून युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद आयर्लंडकडे, म्हणजे शेतीचं दुखणं कळणाऱ्या देशाकडे येतं. अंदाजपत्रकाचा निकाल वर्षअखेरपर्यंत लावण्याची घाई आहे, कारण एप्रिल २०२७ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि त्यानंतर एलिझे राजवाड्यात कोण बसेल याची ब्रुसेल्सला धास्ती आहे. हीच घाई फ्रान्सच्या पथ्यावर पडू शकते. वेगळं खातं टिकवून द्या, बदल्यात आम्ही मर्यादा आणि कपात स्वीकारतो, एवढंच नाही तर वाचलेला पैसा पहिल्या काही हेक्टरांवर आणि राबणाऱ्या माणसांवर वळवण्याचा नियम सगळ्या युरोपला लावा, असा सौदा पॅरिसनं पुढे केला तर पोलंड, आयर्लंड, ऑस्ट्रिया या छोट्या शेतांच्या देशांना नाही म्हणणं जड जाईल. वेगळ्या खात्याला पाठिंबा देण्यासाठी त्यांना घरी सांगण्यासारखं कारणही मिळेल.

त्यासाठी वेळ मात्र फार नाही. २०२० च्या गणनेत फ्रान्समधले ४३ टक्के शेतकरी पंचावन्न वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. २०३४ पर्यंत यातले बहुतेक निवृत्त होतील आणि त्यांची जमीन कुणाकडे तरी जाईल. शेजारचा दोनशे हेक्टरवाला ती घेतो तेव्हा प्रत्येक नव्या हेक्टरावर त्याला अनुदान वाढून मिळतं, म्हणून तो जास्त बोली लावू शकतो. पंचवीस वर्षांची मुलगी, जिला तीस हेक्टर आणि चाळीस शेळ्या घेऊन चीज करायचं आहे, ती त्या बोलीपुढे टिकत नाही. बँकही तिला विचारते, तुमचे हेक्टर किती?